युनिप्रॉट : सिनॅप्सच्या प्रथिनांचा पूर्वेतिहास शोधण्यासाठी

युनिप्रॉट ही प्रथिनांच्या माहितीची ऑनलाइन सेवा आहे. ती पूर्णपणे विनामूल्य आहे, तिच्यासाठी नाव नोंदवावे लागत नाही, आणि नागपुरात राहून एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना सिनॅप्समधील प्रथिनांची उत्क्रांती शिकवायची असेल, तर तिच्याइतके उपयोगी दुसरे साधन माझ्या पाहण्यात नाही. हा अभिप्राय त्या एका कामापुरताच आहे. औषधसंशोधनासाठी किंवा रोगनिदानासाठी ही सेवा कशी आहे, हे त्या क्षेत्रातील जाणकारांनी लिहावे. मी लिहिते आहे ती पदव्युत्तर वर्गाला शिकवणारी शिक्षिका म्हणून, आणि माझ्यासमोर आहेत ते काटोल, उमरेड, सावनेर, रामटेक अशा गावांहून रोज ये-जा करणारे विद्यार्थी, ज्यांच्यापैकी अनेकांकडे स्वतःचा लॅपटॉप नाही.

या साधनाची गरज का पडते, ते आधी सांगते. सिनॅप्स म्हणजे दोन चेतापेशींमधील सुमारे २० नॅनोमीटर रुंदीची फट आणि तिच्या दोन्ही काठांवरची यंत्रणा. अलीकडच्या काठावर संदेशवाहक रसायनांनी भरलेल्या पुटिका, म्हणजे सूक्ष्म पिशव्या, पेशीपटलाला चिकटून रिकाम्या होतात, तर पलीकडच्या काठावर त्या रसायनांना ओळखणारे ग्राही आणि त्यांना जागच्या जागी धरून ठेवणारी आधार-प्रथिने दाटीवाटीने बसलेली असतात. सस्तन प्राण्यांच्या सिनॅप्समध्ये हजाराहून अधिक प्रकारची प्रथिने सापडतात. आपल्याकडच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत ही यंत्रणा शरीरक्रियाशास्त्राच्या प्रकरणात येते आणि प्राण्यांची उत्क्रांती वेगळ्या प्रकरणात येते. स्पंजाला चेतापेशी नाहीत, हायड्राला चेताजाल आहे, गांडुळाला गुच्छिका आणि अधर चेतारज्जू आहे, असे मुले पाठ करतात आणि त्यावरून साहजिकच असे धरून चालतात की चेतापेशी जिथे प्रथम दिसतात तिथेच सिनॅप्सची प्रथिनेही निर्माण झाली असणार. ही समजूत चुकीची आहे. ती चुकीची आहे असे फळ्यावर लिहून देणे सोपे असते. पण ज्या पुराव्यावरून ती चुकीची ठरली, तो पुरावा विद्यार्थ्याने स्वतः उघडून पाहणे ही फार वेगळी गोष्ट आहे, आणि युनिप्रॉटचे मोल तिथे कळते.

सेवेची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. मार्गारेट डेहॉफ यांनी १९६५ साली त्या वेळी ज्ञात असलेल्या ६५ प्रथिनांचे अनुक्रम, म्हणजे त्यांच्या साखळीतील अमिनो आम्लांचा क्रम, एका पुस्तकात एकत्र छापले होते, आणि त्या परंपरेतून पुढे अमेरिकेतील प्रोटीन इन्फर्मेशन रिसोर्स ही संस्था उभी राहिली. स्वित्झर्लंडमध्ये अमोस बैरोक यांनी १९८६ मध्ये स्विस-प्रॉट सुरू केले. ही दोन्ही कामे आणि युरोपियन बायोइन्फर्मॅटिक्स इन्स्टिट्यूटचे काम २००२ मध्ये एकत्र आले आणि त्यातून युनिप्रॉट तयार झाले. आज यात दोन विभाग आहेत आणि वापरणाऱ्याने हा फरक पहिल्याच दिवशी समजून घेतला पाहिजे. स्विस-प्रॉट या विभागात सुमारे पावणेसहा लाख नोंदी आहेत आणि त्यातील प्रत्येक नोंद तज्ज्ञाने संशोधनलेख वाचून तपासलेली आहे. ट्रेम्बल या दुसऱ्या विभागात कोट्यवधी नोंदी आहेत, पण त्या जनुकसंचांच्या माहितीवरून संगणकाने आपोआप तयार केलेल्या आहेत. तपासलेल्या नोंदीपुढे सोनेरी खूण असते. ही खूण न पाहता उतारे काढणाऱ्या विद्यार्थ्याचे जर्नल मी तपासायला घेत नाही.

आता प्रत्यक्ष वापर. वर्गात सुरुवात करायची तर स्नॅप-२५ या प्रथिनापासून करावी, असे माझे ठाम मत आहे. पुटिका पेशीपटलात विलीन होते तेव्हा तीन प्रथिने एकमेकांभोवती पीळ घालून दोन्ही पटलांना जवळ ओढतात: पुटिकेवरचे व्हॅम्प-२, पेशीपटलावरचे सिंटॅक्सिन आणि हे स्नॅप-२५. मानवी स्नॅप-२५ ची नोंद पी६०८८० या क्रमांकाखाली आहे. उंदराची पी६०८७९, घुशीच्या कुळातील प्रयोगशाळेच्या रॅटची पी६०८८१ आणि कोंबडीची पी६०८७८. चारही नोंदी निवडून ‘अलाइन’ या सुविधेत टाकल्या की काही क्षणांत चार ओळी एकाखाली एक मांडल्या जातात. प्रत्येक अमिनो आम्लासाठी एक अक्षर, २०६ अमिनो आम्लांची लांबी, आणि पहिल्यापासून शेवटच्या अक्षरापर्यंत कुठेही फरक नाही. माणूस आणि कोंबडी यांचे शेवटचे समान पूर्वज सुमारे ३२ कोटी वर्षांपूर्वी होऊन गेले. तेव्हापासून दोन्ही वंशांत हाडे बदलली, त्वचा बदलली, हृदयाची रचना स्वतंत्रपणे घडत गेली, आणि या प्रथिनात एकही अमिनो आम्ल बदललेले टिकले नाही. आमच्या वर्गातील एक विद्यार्थिनी बराच वेळ पडद्यावर बोट फिरवत राहिली आणि मग म्हणाली, ‘‘मॅडम, हे तर पूर्णच सारखं आहे ना बाप्पा!’’ नैसर्गिक निवडीचा दाब म्हणजे काय, हे त्यानंतर समजावून सांगायला मला अगदी थोडे शब्द लागले.

याच अलाइनमेंटमध्ये फळमाशीचे स्नॅप-२५ जोडले की चित्र पालटते. सुमारे ६० टक्के जागा जुळतात, बाकीच्या जुळत नाहीत, आणि जुळणाऱ्या जागा सगळीकडे सारख्या पसरलेल्या नसून जिथे पीळ बसतो त्या पट्ट्यांत दाट झालेल्या दिसतात. विद्यार्थ्यांना मी इथे घाई करू देत नाही. कोणती अक्षरे टिकली आणि कोणती बदलली याची कागदावर नोंद करायला लावते, कारण प्रथिनाचा कोणता भाग कामाचा आहे हे प्रयोगाशिवायही बऱ्याच अंशी कळू शकते, ही जाण या नोंदीतून येते. फळमाशी नागपूरकरांना नवीन नाही. संत्र्याच्या मोसमात सालींच्या ढिगाऱ्यावर जी बारीक माशी घोंघावते तिच्याच कुळातील ड्रोसोफिला प्रयोगशाळेत पाळलेली असते, त्यामुळे पडद्यावरचा अनुक्रम कुठल्या परक्या जीवाचा आहे असे मुलांना वाटत नाही.

नोंदीच्या पानावर ‘साइट’ या शीर्षकाखाली जे दिले आहे ते मला या सेवेतील सर्वांत मोलाचे वाटते. स्नॅप-२५ च्या नोंदीत १९७ आणि १९८ या क्रमांकांच्या अमिनो आम्लांमध्ये बोट्युलिनम विषाचा ए प्रकार हे प्रथिन कापतो, असे नमूद आहे. शेवटची केवळ नऊ अमिनो आम्ले तुटतात आणि पुटिका विलीन होणे थांबते, स्नायू लुळा पडतो. व्हॅम्प-२ च्या नोंदीत ७६ आणि ७७ यांच्या मध्ये अशीच खूण आहे. तिथे धनुर्वाताचे विष कापते. धनुर्वाताचे इंजेक्शन आपल्यापैकी प्रत्येकाने घेतलेले असते, पण ते विष चेतापेशीत शिरून नेमका कोणता बंध तोडते, हे एम.एस्सी.पर्यंत पोहोचलेल्या विद्यार्थ्यालाही बहुधा ठाऊक नसते. याच्याच पुढे उत्क्रांतीचा एक सुंदर धडा आहे. रॅटच्या व्हॅम्प-१ या भावंड-प्रथिनात त्या जागी ग्लुटामिनऐवजी व्हॅलिन आहे, आणि तेवढ्यामुळे धनुर्वाताच्या विषाला ते कापता येत नाही. दोन नोंदी शेजारी ठेवल्या की हा एका अक्षराचा फरक विद्यार्थ्याला बोट ठेवून दाखवता येतो.

त्यानंतर यीस्टकडे जावे. पाव फुगवणाऱ्या यीस्टला चेतापेशी असण्याचा प्रश्नच नाही, तरीही त्याच्या पेशीत पुटिका पटलापर्यंत पोहोचतात आणि विलीन होतात, आणि त्या कामाला लागणारी प्रथिने आपल्या सिनॅप्समधील प्रथिनांची नातलग आहेत. यीस्टचे एसएनसी१ हे आपल्या व्हॅम्पचे, एसएसओ१ हे सिंटॅक्सिनचे आणि एसईसी९ हे स्नॅप-२५ चे समकक्ष. २०१३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक रँडी शेकमन, जेम्स रॉथमन आणि थॉमस सुडॉफ यांना मिळाले ते याच यंत्रणेच्या शोधासाठी, आणि त्यातील शेकमन यांचे मूळ काम यीस्टवरचे, तर सुडॉफ यांचे चेतापेशींवरचे होते. पारितोषिक एकत्र दिले गेले, कारण यंत्रणा एकच होती. युनिप्रॉटमध्ये या तीनही यीस्ट-प्रथिनांच्या नोंदी तपासलेल्या आहेत आणि ‘फॅमिली अँड डोमेन्स’ या भागात ती कोणत्या कुळात मोडतात ते स्पष्ट दिलेले आहे. मात्र यीस्टचा अनुक्रम मानवी अनुक्रमाशी थेट जुळवायला गेले तर साम्य इतके विरळ दिसते की विद्यार्थी गोंधळतो. अशा वेळी टक्केवारीवर न थांबता कुळाची नोंद आणि रचना पाहावी लागते, हे शिक्षकाने आधीच सांगून ठेवले पाहिजे.

सिनॅप्सच्या पलीकडच्या काठावरची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे आणि सेवेचा खरा कस तिथे लागतो. पीएसडी-९५ हे तिथले प्रमुख आधार-प्रथिन. मानवी नोंद पी७८३५२, लांबी ७२४ अमिनो आम्ले, आणि जनुकाचे नाव डीएलजी४. नोंदीतील आकृतीत प्रथिनाचे खंड, म्हणजे स्वतंत्र घडी असलेले भाग, दाखवलेले आहेत: तीन पीडीझेड खंड, एक एसएच३ खंड आणि शेवटी ग्वानिलेट कायनेजसारखा खंड ओळीने दिसतात. पीडीझेड खंड इतर प्रथिनांच्या शेपटाला धरतात, आणि त्यामुळे ग्राही, आयनमार्ग आणि संदेशवहनाची विकरे एकाच ठिकाणी बांधून राहतात. या कुळाचा शोध दोन टोकांकडून लागला. १९९१ मध्ये फळमाशीतील डीएलजी या जनुकाचे वर्णन प्रसिद्ध झाले ते गाठ रोखणारे जनुक म्हणून, कारण ते बिघडले की अळीतील पेशींचे थर बेसुमार वाढत होते; आणि १९९२ मध्ये रॅटच्या मेंदूतून पीएसडी-९५ हाती आले तेव्हा दोन्ही एकाच घराण्यातील असल्याचे दिसले. आवरणपेशींना शेजाऱ्याशी नीट चिकटवून ठेवणारे प्रथिन आणि स्मृतीच्या यंत्रणेतील प्रथिन एकाच पूर्वजाचे वंशज निघाले. नागपूरच्या महाल भागातील जुना वाडा उतरवल्यावर त्याचे सागवान नव्या घराच्या तुळयांना लावतात, तसे उत्क्रांतीने हाताशी असलेले सामान नव्या बांधकामात वापरलेले या नोंदींत दिसते.

फळमाशीत असे जनुक एकच आहे. आपल्यात चार आहेत: डीएलजी१, डीएलजी२, डीएलजी३ आणि डीएलजी४. ही चारची संख्या योगायोगाची नाही. पृष्ठवंशी प्राण्यांच्या उगमाच्या काळात, सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वी, संपूर्ण जनुकसंच दोनदा दुप्पट झाला असावा, हा विचार सुसुमु ओहनो यांनी १९७० मध्ये मांडला होता आणि पुढे जनुकसंचांच्या अभ्यासाने त्याला आधार मिळाला. दुप्पट झालेल्या प्रतींपैकी अनेक लोप पावल्या, पण सिनॅप्सच्या प्रथिनांच्या बऱ्याच प्रती टिकल्या आणि त्यांनी कामे वाटून घेतली. २०१३ मध्ये सेथ ग्रँट यांच्या गटाने यातील जनुके बंद केलेल्या उंदरांना स्पर्शपडद्यावर चाचण्या दिल्या. डीएलजी४ नसेल तर साधे साहचर्यही शिकता येत नाही, आणि डीएलजी२ व डीएलजी३ यांचे परिणाम गुंतागुंतीच्या शिकण्यात परस्परविरुद्ध दिशेचे आढळले. हे सगळे युनिप्रॉटच्या पानावर लिहिलेले नाही, ते संशोधनलेखांत आहे. परंतु चारही नोंदी जुळवून पाहिल्यावर विद्यार्थ्याला हे लेख वाचण्याची ओढ लागते, हा माझा अनुभव आहे. त्याच गटाने २००८ मध्ये दाखवले होते की उंदराच्या सिनॅप्समधील प्रथिनांपैकी जवळजवळ पाव हिश्शाची समकक्ष प्रथिने यीस्टमध्येही आहेत, आणि संख्येत मोठी भर पडली ती दोन टप्प्यांवर: बहुपेशीय प्राणी झाले तेव्हा आणि पृष्ठवंशी झाले तेव्हा.

स्पंजाकडे वळल्यावर मात्र सेवा वापरताना सावध राहावे लागते. २००७ मध्ये केनेथ कोसिक यांच्या गटाने ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरील ॲम्फिमेडॉन क्वीन्सलँडिका या स्पंजात सिनॅप्सच्या पलीकडच्या काठावरील आधार-प्रथिनांचा जवळजवळ पूर्ण संच दाखवून दिला, आणि २०१० मध्ये त्याचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. ज्या प्राण्याला एकही चेतापेशी नाही, त्याच्याकडे ही प्रथिने आहेत. पण युनिप्रॉटच्या शोधखिडकीत या स्पंजाचे नाव आणि पीएसडी-९५ असे टाकून पाहिले तर हाती फारसे लागत नाही, कारण स्पंजाच्या बहुसंख्य नोंदी ट्रेम्बलमधील आहेत आणि त्यांना माणसाने दिलेली नावे नाहीत. ‘अनकॅरॅक्टराइज्ड प्रोटीन’ एवढेच अनेकांपुढे लिहिलेले असते. नावाने शोधणे इथे कुचकामी ठरते; मानवी अनुक्रम घेऊन ‘ब्लास्ट’, म्हणजे साम्य असलेले अनुक्रम शोधणारी सुविधा, चालवावे लागते आणि शोध त्या प्रजातीपुरता मर्यादित करावा लागतो. तेव्हा कुठे नातलग सापडतात. आणि सापडलेल्यांपैकी सगळेच खरे समकक्ष नसतात, कारण पीडीझेड खंड प्राण्यांच्या कितीतरी वेगवेगळ्या प्रथिनांत असतो. एका खंडाचे साम्य दिसले म्हणून संपूर्ण प्रथिन तेच आहे असे मानता येत नाही. तीन पीडीझेड, एसएच३ आणि शेवटचा खंड हा क्रम जुळतो का, ते पाहावे लागते.

उलट बाजूची चूक अधिक घातक आहे. ब्लास्टमध्ये काही मिळाले नाही म्हणजे ते प्रथिन त्या प्राणिगटात नाहीच, असा निष्कर्ष विद्यार्थी फार पटकन काढतात. ग्लुटामेट या संदेशवाहक रसायनाचे आयनमार्गी ग्राही ॲम्फिमेडॉनमध्ये नाहीत, हे खरे आहे. त्यावरून ‘स्पंजांत हे ग्राही नसतात’ असे लिहिले तर ते चूक ठरते, कारण सायकॉन आणि ऑस्कॅरेला या दुसऱ्या स्पंजांत ते सापडले आहेत. म्हणजे मूळ पूर्वजाकडे ते असावेत आणि एका वंशाने ते गमावले असावेत. सायकॉन तर आपल्या प्रत्येक महाविद्यालयाच्या बरणीत असतो, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षापासून मुले त्याची आकृती काढत आलेली असतात. एखादा गट किती प्रजातींवरून पारखला गेला आहे हे पाहण्याची सवय लावण्यासाठी मला याहून चांगले उदाहरण मिळालेले नाही.

स्पंजाच्याही मागे जायचे तर कोॲनोफ्लॅजेलेट आहेत, प्राण्यांचे सर्वांत जवळचे एकपेशीय नातलग. मोनोसिगा ब्रेव्हिकॉलिस याचा जनुकसंच २००८ मध्ये आला. पावेल बुर्कहार्ट आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवले की सिंटॅक्सिन आणि त्याला नियंत्रित करणारे मुंक-१८ ही जोडी या एकपेशीय जीवात आहे आणि ती आपल्यातल्यासारखीच एकमेकांना धरते. २०१४ मध्ये याच संशोधकांनी सॅल्पिंगोइका रोझेटा या दुसऱ्या कोॲनोफ्लॅजेलेटमधील होमर हे प्रथिन पाहिले. आपल्या सिनॅप्समध्ये होमर पलीकडच्या काठावर आधार देते, या जीवात ते केंद्रकात आढळले. अनुक्रम सारखा, जागा वेगळी. युनिप्रॉटवर स्वयंचलित नोंद वाचताना ही बाब सतत लक्षात ठेवावी लागते, कारण संगणक साम्यावरून कामही सुचवतो आणि एकपेशीय जीवाच्या प्रथिनापुढे सिनॅप्सशी संबंधित शब्द उमटलेले दिसू शकतात. सेवेने याची सोय केलेली आहे: प्रत्येक विधानापुढे पुराव्याचा प्रकार दिलेला असतो, आणि प्रथिनाच्या अस्तित्वाचा पुरावा पाच पातळ्यांत सांगितलेला असतो. प्रत्यक्ष प्रथिन सापडले आहे, फक्त आरएनए सापडला आहे, साम्यावरून अनुमान केले आहे, नुसते भाकीत आहे, की अनिश्चित आहे, हे वाचता येते. इतक्या प्रामाणिकपणे आपल्या ज्ञानाची पातळी सांगणारे पाठ्यपुस्तक मी अजून पाहिलेले नाही.

गोड्या पाण्यातील स्पंजिला याच्याबद्दल २०२१ मध्ये आलेले काम इथे जोडून शिकवावे. या स्पंजाच्या पचनकक्षात फिरणाऱ्या काही पेशी अलीकडच्या काठाशी संबंधित जनुके वापरतात, आणि त्यांच्या शेजारच्या कॉलरपेशी पलीकडच्या काठाशी संबंधित जनुके वापरतात, असे एकेका पेशीच्या तपासणीतून दिसले. त्या चेतापेशी नाहीत. पण दोन काठांची विभागणी चेतापेशींच्या आधी कशी दिसली असेल, याचा काही अंदाज येतो. टीनोफोरा या जेलीफिशसारख्या दिसणाऱ्या समुद्री प्राण्यांच्या गटाबद्दलचा वाद, म्हणजे प्राण्यांच्या वंशवृक्षावर पहिली फांदी स्पंजांची की टीनोफोरांची, हा मी वर्गात थोडक्यात सांगून पुढे जाते. २०२३ मध्ये गुणसूत्रांच्या मांडणीवरून आलेला पुरावा टीनोफोरांच्या बाजूचा आहे, परंतु युनिप्रॉट हे साधन तो वाद सोडवण्यासाठी नाही.

उत्क्रांती म्हणजे खालून वर माणसापर्यंत चढत जाणारी शिडी, ही कल्पना मुलांच्या डोक्यातून काढायची असेल तर ऑक्टोपसही उघडून दाखवावा. २०१५ मध्ये त्याचा जनुकसंच आला तेव्हा त्यात प्रोटोकॅडहेरिनची १६८ जनुके आढळली. चेतापेशींना एकमेकींना ओळखायला मदत करणारी ही प्रथिने पृष्ठवंशी प्राण्यांतही वाढलेली आहेत, पण ती वाढ स्वतंत्रपणे झालेली आहे. आणि अगदी आपल्या वंशापुरती एक नोंद पाहायची तर एसआरगॅप२सी ही मानवी नोंद पाहावी. सुमारे २४ लाख वर्षांपूर्वी झालेल्या द्विरुक्तीतून आलेले हे जनुक चिंपांझीत नाही, आणि उंदराच्या चेतापेशीत घातल्यास सिनॅप्सचे काटे, म्हणजे चेतापेशीच्या शाखांवरचे ज्यांवर सिनॅप्स बसतात ते बारीक उंचवटे, सावकाश परिपक्व होतात व अधिक दाट येतात, असे २०१२ मध्ये दिसून आले.

आता व्यवहाराच्या बाबी. मोबाइलवर नोंद वाचता येते, अनुक्रम उतरवूनही घेता येतो, आणि अनुक्रमाची फाइल मजकुराची असल्यामुळे डेटा नगण्य लागतो. अलाइनमेंट मात्र संगणकावरच पाहावी; लहान पडद्यावर चार ओळी मोडतात आणि कोणते अक्षर कोणाखाली आहे ते कळेनासे होते. त्रिमितीय रचनेचे चित्र उघडायला वेळ लागतो. आमच्या प्रयोगशाळेतील जोडणी दुपारी मंदावते, म्हणून मी लागणारे अनुक्रम आधीच उतरवून ठेवते आणि प्रॅक्टिकलच्या वेळी फक्त जुळवणी करायला लावते. भाषा संपूर्णपणे इंग्रजी आहे. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या पानावरच धडकी भरते, हे मी पाहिले आहे, आणि त्यावर उपाय म्हणजे नोंदीच्या दहा-बारा शीर्षकांचा मराठी तक्ता करून संगणकाशेजारी लावणे. तेवढ्याने बहुतेकांचे काम सुरू होते. माहिती मुक्त परवान्याखाली असल्यामुळे स्रोताचा उल्लेख करून जर्नलमध्ये छापील उतारा लावायला कोणतीही अडचण नाही.

पर्यायांचा विचार केला तर अमेरिकेच्या एनसीबीआय या सरकारी जैवमाहिती केंद्राचे ब्लास्ट अधिक व्यापक आहे आणि डीएनएच्या पातळीवर काम करायचे असेल तर तेच घ्यावे. पण तपासलेली आणि न तपासलेली माहिती इतक्या ठळकपणे वेगळी दाखवणे मला युनिप्रॉटमध्येच मिळाले. अल्फाफोल्डचा, म्हणजे संगणकाने भाकीत केलेल्या प्रथिनरचनांचा, साठा युनिप्रॉटच्या नोंदीतूनच उघडतो. त्यात पीएसडी-९५ चे खंड गडद निळे, म्हणजे भरवशाचे दिसतात, आणि खंडांमधील दुवे केशरी, म्हणजे जिथे भाकितावर विसंबता येत नाही असे. सिनॅप्सच्या जनुकांसाठी खास तयार केलेला सिनगो हा माहितीसाठा २०१९ पासून उपलब्ध आहे आणि त्यात सुरुवातीलाच १,११२ जनुकांची तज्ज्ञांनी तपासलेली नोंद होती. कोणते प्रथिन सिनॅप्सच्या कोणत्या काठावर असते हे आधी सिनगोवर पाहावे आणि मग त्याचे नातलग शोधायला युनिप्रॉटवर यावे, हा क्रम सोयीचा पडतो.

पीएच.डी.च्या पातळीवर वंशवृक्ष काढायचा असेल तर ही सेवा पुरेशी नाही. तिथे वेगळी सॉफ्टवेअरे आणि कितीतरी अधिक प्रजाती लागतात. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला ती जड जाते. एम.एस्सी.च्या दोन्ही वर्षांना, आणि नेट-सेटची तयारी करताना उत्क्रांतीचा भाग केवळ व्याख्यांवर सोडून न देणाऱ्या प्रत्येकाला, मी ती आवर्जून सुचवते. सुरुवात करणाऱ्याने स्नॅप-२५ च्या चार नोंदी, मग फळमाशीचे स्नॅप-२५, मग यीस्टचे एसईसी९, त्यानंतर चार डीएलजी आणि सर्वांत शेवटी स्पंजावरचे ब्लास्ट, या क्रमाने जावे. स्पंजापासून सुरुवात केल्यास निनावी नोंदींतच पहिले प्रॅक्टिकल संपते.